कंपवात आणि खिळलेले पाऊल

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात एखादे वृद्ध गृहस्थ चालता चालता मध्येच खिळल्यासारखे उभे राहिले, तर मागचा माणूस 'सरका ना बाबाजी' म्हणत त्रासून पुढे निघून जातो. तेच गृहस्थ घरी माडीचा जिना बिनचूक चढतात आणि मग घरच्यांनाही हे ढोंग वाटू लागते. वस्तुतः हे कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सनच्या आजाराचे, एक लक्षण होय.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले. पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता धावू लागण्याची प्रवृत्ती त्यांनी तेव्हाच नोंदविली होती. आपल्याकडे मात्र हाताचा कंप हीच या रोगाची एकमेव खूण समजली जाते. काही रुग्णांत कंप आढळतच नाही. त्यांच्या मंद हालचालींना 'वय झाले' किंवा 'लकवा' म्हटले जाते व निदान लांबणीवर पडते.

निरोगी माणूस पाऊल किती लांब टाकावे याचा विचार करीत नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेली केंद्रे ही सवयीची कामे परस्पर सांभाळतात व त्यासाठी त्यांना डोपामीन हे रसायन लागते. ते तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू नष्ट होतात. परिणामी पावले आखूड पडतात, पाय घासत जातात, चालताना एक हात हलेनासा होतो. वळताना, गर्दीत किंवा दाराच्या उंबरठ्यापाशी तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. शरीर पुढे जाते, पाय मागे राहतात आणि मनुष्य पडतो.

मग जिना कसा चढता येतो? पायरी डोळ्यांना दिसते. सवयीची वाट बंद झाली तरी पाहून व ठरवून पाऊल टाकण्याची मेंदूतील दुसरी वाट बऱ्याच अंशी शाबूत असते. जमिनीवरील आडव्या रेषांनी अशा रुग्णांचे पाऊल सुटते, हे लंडनचे तज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. मूळच्या पुण्याच्या आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे शिकलेल्या मिलेहा सोनेजी यांना आपल्या काकांच्या बाबतीत हाच अनुभव आला. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरतात, हे पाहून त्यांनी पायऱ्यांचा भास निर्माण करणारे चित्र घरातील जमिनीवर चिकटविले. काका त्यावरून न थांबता चालू लागले. २०१५ साली एका व्याख्यानात त्यांनी हा प्रयोग सांगितला. यास खर्च असा फारसा नाही. साध्या फरशीवर पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटविल्या तरी पुष्कळदा काम भागते.

तोल सावरण्याची गोष्ट मात्र अधिक बिकट आहे. लेव्होडोपा या औषधाने हालचाल मोकळी होते. पण आजार वाढल्यावर मागे पडू लागलेला तोल त्याने तितकासा सुधारत नाही. (खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असल्याचे भारतीय संशोधकांनी १९३७ साली दाखविले. तथापि मात्रेचा भरवसा नसल्याने त्या परस्पर घेऊ नयेत.) म्हणून व्यायाम आणि घरातील व्यवस्था यांकडे लक्ष द्यावे लागते. जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा फेर घ्यावा, दोन्ही हातांत सामान घेऊ नये, न्हाणीघरात धरावयास दांडी बसवावी. पाय खिळल्यास रुग्णाला ओढू नये. त्याला थांबू द्यावे, अंग एका पायावरून दुसऱ्यावर झुलवू द्यावे आणि 'एक, दोन' मोजून पाऊल उचलावयास सांगावे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये पार्किन्सनच्या आजाराचा स्पष्ट समावेश आहे. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. त्यामुळे हातपाय धड दिसणारा हा मनुष्य दिव्यांग कसा, असा प्रश्न अर्ज घेणाऱ्याच्या मनात आजही येतो. प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणी होते व टक्केवारी तेथेच ठरते. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास बहुतेक सवलती लागू होतात. ग्रामपंचायतीने अर्ज भरून देण्यास मदत करावी, आणि रुग्णाची सही पूर्वीपेक्षा बारीक व आखडलेली दिसली म्हणून तो परत करू नये. अक्षर लहान होत जाणे हेही याच आजाराचे लक्षण आहे.