‘त्याला घेऊनच येते!’

आमच्या मैत्रिणींच्या गटात कुठलाही बेत निघाला की मधुराचं (नाव बदललं आहे) उत्तर ठरलेलं असायचं, "हो, येते ना! इशूला घेऊनच येते." मग ते नाटक असो, कुणाच्या चाळिशीचं जेवण असो, की नवरे-मुलं गावाला गेलेल्या एखादीच्या घरी रात्रभर गप्पा मारायचा बेत असो. इशू तेव्हा चार वर्षांचा होता. गोड, बडबड्या आणि त्या वयाचं कुठलंही निरोगी मूल असतं तितकाच चुळबुळ्या. त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. अडचण होती ती आम्हा मोठ्या बायकांची. "या कार्यक्रमाला मूल नको" हे आपल्याकडे नेमकं कसं, कधी आणि कुणी सांगायचं, याची रीतच पडलेली नाही.

आपली आमंत्रणं मुळातच सहकुटुंब, सहपरिवार असतात. लग्न, मुंज, बारसं, सत्यनारायण, हळदीकुंकू, मंगळागौर इथे मुलं नसतील तर घर ओकंबोकं वाटतं, आणि ते तसंच राहावं. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बायकांच्या आयुष्यात दुसऱ्या प्रकारचे कार्यक्रमही आले. फक्त मैत्रिणींचं जेवण, रात्रीचा सिनेमा, ऑफिसातल्या कुणाच्या निरोपाची पार्टी. बोलावण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली. बोलावणारीला वाटतं, ‘न सांगता कळेलच.’ येणारीला वाटतं, ‘मला बोलावलं म्हणजे लेकराला बोलावलंच.’ दोघींचंही आपापल्या जागी चुकत नाही, म्हणून तर गुंता होतो.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरातल्या रात्री साडेनऊच्या प्रयोगाची तिकिटं आम्ही एकत्र काढली होती, त्यामुळे मधुरा रांगेच्या अगदी मधोमध बसली. तिसऱ्या घंटेआधीच्या सूचनांत मोबाइल बंद ठेवण्याबरोबर लहान मूल रडल्यास त्याला बाहेर न्यावं, अशी विनंतीही झाली. पहिला अंक इशूने वेफर्सवर काढला. दुसऱ्या अंकात बाप-लेकाचं कडाक्याचं भांडण होऊन रंगमंचावर शांतता पसरली आणि त्या शांततेत त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "आई, ते आजोबा मेले का?" प्रेक्षागृह हसलं. नटाने तो क्षण सावरला, पण प्रसंग गेला तो गेलाच. पुढे इशूला शू लागली, मग पाणी हवं झालं, आणि मधुरा दर वेळी सगळ्या रांगेचे गुडघे ओलांडत बाहेर गेली. शेवटी ती दाराशीच उभी राहिली. नाटक तिला दिसलं नाही, इशूची झोप झाली नाही, आणि घरी जाताना ती चिडून म्हणाली, "लोकांना लहान मुलं चालतच नाहीत!"

सिनेमाच्या वेळी वाद थेट दारावरच झाला. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं. मधुराचं म्हणणं, "मी आई आहे ना, मला चालतंय!" दारावरचा मुलगा नम्रपणे, पण ठाम नाही म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालच्या कुणालाही आत सोडता येत नाही, आई-वडील सोबत असले तरीही. ‘यूए’ चित्रपटांचं तसं नाही. 2023च्या कायदादुरुस्तीनंतर त्यांत 7+, 13+ आणि 16+ असे टप्पे आले, आणि तिथे निर्णय पालकांवर सोडलेला आहे. म्हणजे एका मर्यादेपर्यंत कायदा आईचा शब्द मानतो, त्यापुढे मानत नाही. त्या रात्री आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत बाहेर थांबल्या आणि सिनेमा कुणाच्याच मनासारखा झाला नाही.

एका जेवणात टेबलावर धुराचे लोट सोडत सिझलर आला. त्या तापलेल्या लोखंडी ताटलीकडे इशूचा हात गेला आणि शेजारच्या मैत्रिणीने तो वेळीच धरला म्हणून निभावलं. त्यानंतर जेवण संपेपर्यंत आमचं निम्मं लक्ष ताटल्यांवर आणि निम्मं त्याच्या हातांवर होतं.

पण या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान झालं ते एका साध्या संध्याकाळी. आमच्यातली एक घटस्फोटाच्या उंबरठ्यावर होती. तिला बोलायचं होतं, म्हणून आम्ही जमलो. इशू खाली सतरंजीवर गाड्या खेळत होता. "त्याला काही कळत नाही," मधुरा म्हणाली. मैत्रीण बोलायला लागली, मध्येच थांबली, नवऱ्याच्या नावाऐवजी ‘तो माणूस’ म्हणू लागली, रडू आलं तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या दिवसांनी एका वाढदिवसाला इशूने तिच्याच मुलीला विचारलं, "तुझे बाबा दुसऱ्या घरी राहणार ना?" मुलीला तोवर कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. मुलांचं लक्ष नसतं असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात त्यांचे कान उघडे असतात आणि गुपित म्हणजे काय हे मात्र त्यांना माहीत नसतं. मोठ्यांच्या बैठकीत मूल असलं की मोडते ती शांतता नव्हे, मोकळेपणा. शांतता मोडली तर पुन्हा मिळते. मोकळेपणा एकदा आवरला गेला की त्या संध्याकाळी परत येत नाही.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं, तेही मी जवळून पाहिलं आहे. माझ्या बहिणीच्या सोसायटीत बायकांची भिशी होती. तिथेही एकीचं मूल दर वेळी यायचं. कुणी काही बोललं नाही. बायकांनी गुपचूप दुसरा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, भिशी नावापुरती ठेवली आणि खरं भेटणं दुसरीकडे नेलं. एकीने स्टेटसला फोटो टाकला, त्यातून सगळं उघड झालं. ती बाई भिशीतून बाहेर पडली, पैशांचा हिशेब चिघळला, आणि अजूनही लिफ्टमध्ये त्या एकमेकींकडे बघत नाहीत. न सांगता टाळणं सभ्यपणाचं वाटतं, पण समोरच्या बाईला त्यातून एकच अर्थ लागतो, ‘मी नकोशी झाले आहे.’

आमच्याकडे तसं होऊ नये म्हणून मी मधुराच्या घरी सकाळी गेले. इशू बालवाडीत होता. मी म्हटलं, "अगं, आपले काही कार्यक्रम इशूसाठी नसतात. तिथे तू एकटी यावीस असं मला वाटतं." ती पटकन म्हणाली, "मग मी यायचंच नाही का?" आणि त्यानंतर एकेक गोष्ट निघाली. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याआड रात्रपाळी. सासूबाई सांगलीला. माहेर त्याहून लांब. मुलाला कुणाकडे ठेवायचं म्हटलं तर विश्वासाचं कुणी नाही. आणि इशू लॉकडाऊनमधला. पहिली दोन वर्षं त्याने चार भिंतींपलीकडे माणसंच पाहिली नाहीत. "तेव्हाच ठरवलं, याला सगळीकडे न्यायचं," ती म्हणाली. मग हेही म्हणाली, "आपण नाही का लहानपणी कीर्तनाला, गाण्याला आजीच्या मांडीवर झोपायचो?"

तो मुद्दा खरा आहे, म्हणून त्यावर नीट विचार करायला हवा. आपण झोपायचो ते खुर्चीत नव्हे, बैठकीवर. आजीच्या मांडीवरून मावशीच्या, मावशीकडून शेजारच्या काकूंच्या मांडीवर जायचो. रडलो तर कुणीतरी देवळाबाहेर फिरवून आणायचं. सांभाळायला सगळं गाव होतं. आज प्रेक्षागृहात मुलासोबत एकटी आई असते. फरक मुलांमध्ये पडलेला नाही, मांड्या कमी झाल्या आहेत. म्हणूनच हाच इशू सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात मजेत रमला. तिथे भारतीय बैठक असते, उठून बाहेर जाता येतं, खाण्याचे स्टॉल असतात, आणि आम्ही चौघी आळीपाळीने त्याला फिरवत होतो. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालायचा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली (काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते), ते लहान मुलांच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. कार्यक्रम कुठला यापेक्षा तो कसा बसून, किती वेळ आणि कुणासोबत ऐकायचा आहे, यावर मुलाचं जमणं-न जमणं ठरतं.

या सगळ्यातून गेल्यावर जे हाती लागलं, ते सांगते.

बोलावणाऱ्यांसाठी

आमंत्रणातच स्पष्ट लिहा. "शनिवारी रात्री आठ ते अकरा, फक्त आपण मैत्रिणी, मुलांशिवाय" एवढं एक वाक्य पुरतं. संपायची वेळ जरूर लिहा, कारण मूल कुठे ठेवायचं हे त्यावरच ठरतं. शक्य असेल तर आठ दिवस आधी कळवा. आदल्या दिवशी कळवलं तर ‘मुलांशिवाय’चा अर्थ ‘तुझ्याशिवाय’ असाच होतो.

नियम सगळ्यांना सारखा ठेवा. एकीची दहा वर्षांची शहाणी मुलगी चालते आणि दुसरीचा चार वर्षांचा मुलगा चालत नाही, असं झालं की प्रश्न वयाचा उरत नाही, मानाचा होतो.

वेगळं बोलायचं असेल तर एकटीशी बोला, भेटून किंवा फोनवर, मूल जवळ नसताना. ग्रुपवर कधीच नको. मागच्या प्रसंगांची यादी वाचू नका, पुढच्या कार्यक्रमाबद्दल बोला. "आमची मुलं नव्हती बाई अशी" आणि "सांभाळायला बाई नाही का मिळत?" ही दोन वाक्यं मैत्री तोडायला पुरेशी आहेत. त्याऐवजी विचारा, "तुला कुठली वेळ जमेल? त्याला कुणाकडे ठेवता येईल?"

नुसतं नाही म्हणू नका, पर्यायही द्या. आम्ही रविवार सकाळ मुलांसाठी राखली. एम्प्रेस गार्डन, सोबत घरचे पोहे, आणि गप्पा होतील तेवढ्या. शिवाय मोठ्यांच्या कार्यक्रमाच्या दिवशी एकीच्या घरी मुलं ठेवायची, आणि एकीने आळीपाळीने घरी थांबायचं असं ठरवलं. जिचा नवरा मोकळा असेल त्यानेही पाळी घ्यायची. हे ऐकून दोन नवरे चमकले, पण त्यांनी घेतली.

अंगावर पिणारं बाळ असेल तर वरचं काहीही लागू नाही. ते आईसोबतच येणार. बेत बाळाला सोसणारा नसेल तर तो बदला किंवा पुढे ढकला.

आईसाठी

निघण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारा. कार्यक्रम त्याच्या झोपेच्या वेळेआधी संपेल का? मधून उठून जाता येईल का? तो तिथे असल्यामुळे कुणाला बोलणं आवरावं लागेल का? आणि त्या दोन-तीन तासांत त्याच्यासाठी तिथे काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची धरून. रात्री साडेबाराला झोपलेलं मूल सकाळी बालवाडीत रडतं तेव्हा ते हट्टी नसतं, झोपेला आलेलं असतं.

न्यायचंच असेल तर कडेची खुर्ची घ्या. काही नाट्यगृहांत लहान मुलांसाठी मागे काचेची खोली असते, ती आहे का हे तिकीट काढतानाच विचारा. पहिली चुळबुळ दिसताच बाहेर या, तिसरीची वाट पाहू नका. हातात मोबाइल देऊन गप्प बसवू नका. अंधारात त्या पडद्याचा उजेड दहा जणांच्या डोळ्यांवर येतो. आणि सगळ्यांसमोर मुलाला रागावू नका. त्याने तिकीट काढा म्हटलं नव्हतं.

सांभाळायला बाई ठेवणार असाल तर आधी दिवसा, तुम्ही घरात असताना, तिला मुलासोबत वावरू द्या. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलिसांकडून पडताळणी करून घ्या, शेजाऱ्यांचा नंबर तिला द्या. पहिल्यांदा तासाभरासाठीच बाहेर जा. विश्वास हळूहळूच बसतो, तो बसायला वेळ द्या.

मधुरा पहिल्यांदा एकटी आली तेव्हा दर दहा मिनिटांनी फोन बघत होती. पुढे फोन पर्समध्ये राहू लागला. आता घरी कार्यक्रम ठेवला की ‘मुलांसह’ की ‘मुलांशिवाय’ हे तीच सगळ्यांत आधी लिहिते. दर वेळी तिला जमतंच असं नाही. रात्रपाळी असते, इशूला ताप येतो, कधी नुसता कंटाळा असतो. ती नाही म्हणते, आम्ही बरं म्हणतो. बोलावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायचं की दोन-चारदा नकार आला म्हणून पुढच्या निरोपातून तिचं नाव गाळायचं नाही. मूल मोठं होतं, सवडही मिळते, तोवर विचारत राहायचं.