चमकी नको, कोरं झाकण हवं

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी आठवणींच्या पेट्या सजवून द्यायच्या आहेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : पुठ्ठ्याचं खोकं घेऊ नका. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, मग किरकोळ जंतूही बाधतात. म्हणून पुसता येईल असा प्लॅस्टिकचा डबा बरा. सुटणारी चमकी, पिसं, खरी फुलं टाळा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या डब्यावर मणी-बटणं नकोत, ती घशात अडकतात. गाणारी पेटी करायचा मोहही आवरा! तिच्यातला बटणासारखा सेल गिळला गेला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

अमेरिकेतल्या ‘बीड्स ऑफ करेज’ उपक्रमात मुलाला उपचाराच्या प्रत्येक टप्प्याला मणी मिळतो आणि हौशी लाकूड-कारागीर ते ठेवायला झाकणाच्या पेट्या घडवून देतात. तुमच्या पेटीतही काय साठवायचं, ते मुलालाच ठरवू द्या. झाकणही कोरं सोडा, सोबत स्टिकर द्या. बायकांनीच सगळं सजवलं तर पोराला काय उरलं? ‘लवकर बरा हो’ मात्र लिहू नका, रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षंही चालतात. आणि सामान विकत घेण्याआधी वॉर्डच्या सिस्टरना किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारून घ्या.