परिसंवादातले जेवण



पणजीत जेमतेम मानधनावर इंटर्नशिप करणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या मुलामुलींना सर्वांत जड जातो तो दुपारच्या जेवणाचा खर्च. मग दोनापावल्याला किंवा शहरातल्या एखाद्या सभागृहात धोरणविषयक परिसंवाद असला की पाय आपोआप तिकडे वळतात. प्रवेश मोफत, अकराला चहा-कटलेट, दीडला भात-आमटी. यात लाजण्यासारखे काही नाही.

शिकणाऱ्याला जेवू घालणे ही आपल्याकडची जुनी रीत. माधुकरी, वार आणि अन्नछत्र यांवर कित्येक पिढ्या शिकल्या. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले. काशीत संस्कृत शिकताना त्यांचे पोट अन्नछत्रावर चालले. पुढे सिंहलद्वीपात त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि त्या विद्येच्या बळावर ते हार्वर्डपर्यंत पोचले. त्यांचे पुत्र दामोदर यांच्या नावाने पणजीत २००८ पासून विचार महोत्सव भरू लागला. अर्थात, जुन्या काळची ती सोय बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरतीच होती. परिसंवादाचे ताट जात विचारत नाही, हे कितीतरी चांगले.

खटकते ते निराळेच. हात धुतले की पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचे, आणि दुपारचे सत्र रिकाम्या खुर्च्यांपुढे चालायचे. विषय तर पुष्कळदा या मुलांच्या घरचाच असतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. पडद्यावर ही एक ओळ असते. डिचोलीच्या घरात तिचा अर्थ असतो अंगणात उभा राहिलेला टिप्पर आणि न चुकणारा बँकेचा हप्ता. ज्याने हे पाहिले आहे त्याने उठून, आपल्या गावाचे नाव सांगून, एकच नेमका प्रश्न विचारावा. जेवणाची परतफेड याहून चांगली होत नाही.

थोडे व्यवहाराचेही. घरून निघताना उकड्या तांदळाची पेज पिऊन निघावे. उपाशी पोटी व्याख्यान डोक्यात शिरत नाही. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर काही उरले आणि हवे असले, तर केटररच्या माणसाकडे सरळ मागावे, लपवून डब्यात भरू नये.

शेवटपर्यंत बसण्याची ही सवय पुढे जनसुनावणीत फार उपयोगी पडते. तिथे जेवण नसले तरी जावे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण-परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. तो आधी वाचून जावे. कागदावर काय आहे आणि काय नाही यावर किती अवलंबून असते, हे मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसले. माहिती दडवल्याचा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी त्याची पर्यावरण परवानगी स्थगित केली होती. ती स्थगिती जानेवारी २०२० मध्ये उठली.

सुनावणीचे इतिवृत्त अगदी शेवटी, स्थानिक भाषेत समजावून, जमलेल्यांना वाचून दाखवावे लागते. आपली हरकत त्यात आली की नाही, हे तेव्हा तिथे असणाऱ्यालाच कळते.

तुझा मामा