दुकानातले फोटो रात्रीतून जातात कुठे?

प्रश्न : पैठण्यांचं ऑनलाइन दुकान आम्ही रेल्समध्ये बनवून हेरोकूवर चढवलं आहे. फोटो टाकले की लगेच दिसतात. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या जागी मोडकी चौकट. साडीचं नाव, किंमत जिथल्या तिथे. दुकान क्लाउडवरच असताना फोटो हरवतात कसे?

उत्तर : नाव-किंमत टिकते आणि फोटोच जातो, हे तुम्ही अचूक टिपलंत. नाव आणि किंमत डेटाबेसमध्ये राहतात. फोटोची तिथे फक्त नोंद होते. खरी फाइल ॲप चालवणाऱ्या डायनोच्या डिस्कवर उतरते. हेरोकूचा डायनो रोज एकदा तरी नव्याने सुरू होतो, नवा कोड चढवला की तेव्हाही. आणि दर वेळी डिस्क कोरी होते. नोंद उरते, फाइल उरत नाही. ॲप क्लाउडवर आहे म्हणून त्याची डिस्कही कायमची, हा समज फार जणांचा असतो.

तेव्हा फोटोंना वेगळं घर हवं. ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर एक बकेट उघडा. मुंबई रीजन 2016 पासून आहे. गिऱ्हाईक इथलं असेल तर तोच निवडा. बकेटचं नाव मात्र जगात दुसऱ्या कुणी घेतलेलं चालत नाही, त्यामुळे नुसतं ‘पैठणी’ मिळेल अशी आशा नको.

मग रेल्सची प्रॉडक्शनची फाइल उघडा. फाइली सांभाळणाऱ्या ॲक्टिव्ह स्टोरेजच्या ओळीत ‘लोकल’ लिहिलेलं असेल. रेल्स मुळात तेच लिहून देतं. तिथे ‘ॲमेझॉन’ करा, स्टोरेजच्या फाइलमध्ये बकेट आणि रीजन भरा, एस-थ्रीची जेम जोडा.

बकेटपर्यंत पोचायला ॲपला ॲमेझॉनच्या खात्याच्या किल्ल्या लागतात. त्यांच्या बाबतीत मी आग्रहानेच सांगेन. त्या कोडमध्ये लिहू नका, हेरोकूच्या कॉन्फिग व्हार्समध्ये ठेवा. मुख्य खात्याची किल्ली तर वापरूच नका. या एका बकेटपुरते अधिकार असलेला वेगळा युजर काढा. मुख्य किल्ली गिटहबवरून कुणाच्या हाती लागली, तर तो तुमच्या खात्यावर हवी तितकी यंत्रं चालवील आणि बिल तुम्हाला येईल.

फोटो दिसावेत म्हणून बकेट सर्वांना खुली करायची गरज नाही. एप्रिल 2023 पासून नवी बकेट बंदच मिळते, ती तशीच राहू द्या. ॲक्टिव्ह स्टोरेज प्रत्येक फोटोसाठी सहीची लिंक बनवतं. ती मुळात पाच मिनिटं चालते आणि ब्राउझरला तेवढा वेळ पुरतो.

गेलेले फोटो मात्र परत येणार नाहीत. मूळ प्रती कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये असतील, तर हा बदल झाल्यावर तेवढे पुन्हा चढवा.