वासमाशीनचा वास

नेदरलँड्समध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात मराठी कानाला गंमत वाटावी असा एक शब्द भेटतो. डच भाषेत 'वास' म्हणजे धुणं. त्यामुळे कपडे धुण्याचं यंत्र इथे 'वासमाशीन' आणि धुण्याचा साबण 'वासमिडल'. पहिले काही महिने आपण हसतो. मग एका सकाळी यंत्राचं गोल दार उघडावं, आतून कुबट भपकारा यावा आणि नाव अगदी सार्थ वाटावं, अशी वेळ येते.

अशा वेळी बहुतेक घरांत तीन उपाय होतात. साबण थोडा जास्त घातला जातो, सुवासिक सॉफ्टनर आणला जातो किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून ड्रममध्ये व्हिनेगर ओतलं जातं. पहिल्या दोन उपायांनी दुखणं वाढतं आणि तिसऱ्याने बहुधा अर्धवटच बरं होतं. असं का होतं हे कळलं की खरा उपाय आपोआप सुचतो, म्हणून आधी कारण पाहू आणि मग बाह्या वर करू.

वास नेमका कुणाचा?

धुण्यातून फक्त माती निघत नाही. त्वचेच्या मृत पेशी, घाम, शरीराची स्निग्धता, केसांचं तेल आणि असंख्य जिवाणूही निघतात. बरेचसे पाण्याबरोबर वाहून जातात. उरलेले रबराच्या घडीत, साबणाच्या कप्प्यात आणि ड्रमच्या मागच्या, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला चिकटतात. तिथे ते स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा चिकट लगदा तयार करतात. या वस्तीला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला दातांवर जो बुळबुळीत थर लागतो, तोही जैवपटलच. मोरीच्या जाळीखालचा थरही तोच.

या थरात जिवाणूंच्या जोडीला बुरशीही असते. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी २०१५ साली घरगुती यंत्रांच्या रबरातून आणि साबणाच्या कप्प्यांतून फ्युझेरियम, कॅन्डिडा अशा बुरशी वेगळ्या काढल्या होत्या. ही मंडळी त्वचेची स्निग्धता आणि साबणाचा उरलेला अंश खातात आणि हवेत सहज उडणारी आम्लं व इतर संयुगं सोडतात. आपल्या नाकाला जाणवतो तो त्यांचा वास.

'वाळल्यावर टॉवेल चांगला असतो, पण अंग पुसलं की घाण वास मारतो' ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. जपानी संशोधकांनी २०१२ साली त्याचा एक मोठा गुन्हेगार शोधला. त्याचं नाव मोराक्झेला ऑस्लोएन्सिस. हा जिवाणू कोरडेपणातही तग धरतो आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. म्हणजे टॉवेल धुतला गेला, वाळलाही, पण त्यातली वस्ती उठली नव्हती.

डेल्फ्टच्या कापडवाल्याचं व्हिनेगर

व्हिनेगर अर्धवट का पडतं याचं उत्तर याच देशात साडेतीनशे वर्षांपूर्वी मिळालं होतं. डेल्फ्टचे अँटोनी फान लेवेनहुक हे पेशाने कापडाचे व्यापारी होते. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्यांनी आपल्या दातांवरचा पांढरा थर पाहिला आणि त्यातल्या हलणाऱ्या 'छोट्या प्राण्यांचं' वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. त्यांनी त्या थरावर व्हिनेगरही घालून पाहिलं. तोंडाबाहेर काढलेल्या थरात मिसळलं की जीव मरत. पण व्हिनेगरने चूळ भरली तर फक्त बाहेरच्या बाजूचे मरत, कारण ते थराच्या आतपर्यंत पोचतच नसे.

जैवपटलाचं वर्म हेच आहे. बाहेरचा लगदा आतल्या वस्तीचं रक्षण करतो. वरचे जीव मेले की दोन दिवस बरं वाटतं, मग आतले पुन्हा वाढतात. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी थर घासून मोडायचा, मग उष्णतेने आणि ऑक्सिजनने उरलेल्यांना मारायचं आणि शेवटी कोरडं ठेवून नवी वस्ती होऊ द्यायची नाही. दातांनाही आपण नुसती चूळ भरून सोडत नाही, ब्रश लावतोच.

हा फक्त नाकाचा प्रश्न आहे का?

निरोगी माणसाच्या घरात बहुतांशी हो. पण एक खरी घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. जर्मनीतल्या एका रुग्णालयात २०१२-१३ च्या सुमारास नवजात बाळांच्या अंगावर क्लेब्सिएला ऑक्सिटोका हा जिवाणू पुन्हा पुन्हा सापडू लागला. तोही अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा. सुदैवाने बाळांना त्याचा संसर्ग होऊन आजार झाला नाही. बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी माग काढला तेव्हा तो एका घरगुती पद्धतीच्या धुलाई यंत्रापर्यंत पोचला. बाळांना ऊब राहावी म्हणून घातलेल्या विणलेल्या टोप्या आणि मोजे त्या यंत्रात धुतले जात होते. जिवाणू यंत्राच्या साबणाच्या कप्प्यात आणि दाराच्या रबरात सापडला. यंत्र हलवलं आणि प्रकार थांबला. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

यातला आपल्या कामाचा धडा असा: शेवटच्या खळबळण्याचं पाणी थंड असतं, त्यात साबण नसतो आणि ते साबणाच्या कप्प्यातून येतं. कप्पा घाण असेल तर धुऊन झालेल्या कपड्यांवर अखेरचा हात घाणीचाच फिरतो. घरात तान्हं बाळ असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर यंत्राच्या सफाईकडे चालढकल करू नका.

पुण्यात असं होत नव्हतं, मग इथेच का?

घरी अनेकांकडे वरून उघडणारं यंत्र होतं. त्यात पाणी जास्त लागतं, झाकण हवाबंद नसतं आणि ते गॅलरीत उन्हावाऱ्यात असतं. समोरून उघडणारं यंत्र पाणी वाचवतं, पण पाणी बाहेर येऊ नये म्हणून त्याचं दार रबराच्या जाड घडीवर घट्ट बसतं. त्या घडीत आणि तळाच्या पंपापाशी थोडं पाणी नेहमीच उरतं. त्यात यंत्र ठेवलेलं असतं बिनखिडकीच्या न्हाणीघरात किंवा माळ्यावर.

दुसरं कारण तापमान. वीज वाचवण्यासाठी आपण सगळं ३० किंवा ४० अंशांवर धुतो. मार्च २०२१ पासून युरोपातल्या नव्या यंत्रांवर 'इको ४०-६०' हा कार्यक्रम असतो. नावात ६० असलं तरी पाणी ६० अंशांपर्यंत तापेलच असं नाही. ४० आणि ६० अंशांवर धुवायचे सुती कपडे एकत्र धुता येतात, एवढाच त्याचा अर्थ. वीज वाचवायला तो उत्तम, पण जंतू मारायला त्याच्यावर विसंबू नका.

तिसरं कारण साबण. पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत सहसा सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात ते विरघळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि ते जिवाणूंवर हल्ला करतं. द्रवरूप साबणात आणि रंगीत कपड्यांच्या पावडरीत हे सहसा नसतं. फक्त द्रव साबण आणि कमी तापमान अशी सवय असेल तर यंत्रातल्या वस्तीला धक्का म्हणून कधी बसतच नाही.

चौथं कारण खास आपलं, ते म्हणजे खोबरेल तेल. ते साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. इथे हिवाळ्यात नळाचं पाणी १० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही गार असतं. तेलकट उशीचे अभ्रे ३० अंशांवर धुतले आणि साबणाने सगळं तेल पकडलं नाही, तर थंड पाण्यात ते पुन्हा घट्ट होऊन कपड्यांत आणि यंत्रात बसतं. डिसेंबरात खोबरेलाची बाटली कशी होते ते आठवा. सॉफ्टनरही स्निग्ध पदार्थांपासूनच बनतो. त्याच्या कप्प्यात साचलेला बुळबुळीत लगदा एकदा पाहिलात की पुन्हा विकत घेताना हात थांबेल.

सफाई: एका शनिवारचं काम

१. यंत्राचा प्लग काढा. साबणाचा कप्पा खटका दाबून पूर्ण बाहेर काढा आणि गरम पाण्यात पावडर टाकून त्यात भिजवा. तोवर कप्प्याच्या रिकाम्या जागेत टॉर्च मारा. वरच्या बाजूला पाणी पडण्याची भोकं असतात, काळी बुरशी तिथेच लपते. जुन्या टूथब्रशने ती जागा आणि मग कप्पा घासा.

२. दाराच्या रबराची घडी हाताने मागे ओढा. साबण-पाण्याने ब्रश आणि फडकं फिरवा, विशेषतः खालच्या बाजूला. तिथली पाणी निघून जाण्याची बारीक भोकं केस आणि तंतूंनी बुजलेली असतात, ती मोकळी करा. घासूनही काळे डाग राहिले तर घाबरू नका. रंग रबरात मुरलेला असतो, वास थराचा असतो.

३. खाली कोपऱ्यातल्या झाकणामागे पंपाचा फिल्टर असतो. यंत्र थंड असतानाच, खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवून तो हळूहळू फिरवा. पाणी येईल, दर्प येईल आणि नाणी, पिना, टिकल्यासुद्धा निघतील. फिल्टर धुऊन घट्ट बसवा.

४. आता प्लग लावा. यंत्र रिकामं ठेवून ड्रममध्ये पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीचं एक पूर्ण माप टाका आणि सुती कपड्यांचा, म्हणजे 'कातून'चा ९० अंशांचा कार्यक्रम लावा. इको नको, झटपट नको.

५. झाल्यावर रबर आणि काच पुसा. सैल झालेल्या थराच्या काळ्या कपच्या सापडल्या तर ते चांगलं लक्षण आहे. आठवड्याने पुन्हा एकदा रिकामं यंत्र ९० वर चालवा.

दोन इशारे. क्लोरीनचं ब्लीच, इथे ज्याला 'क्लोर' म्हणतात, ते आणि व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि सोडा व व्हिनेगर एकत्र ओतून फेसाचा खेळ करू नका. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि तळाशी जवळपास खारं पाणी उरतं. जाता जाता, इथल्या दुकानात नुसतं 'सोडा' लिहिलेलं पाकीट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा 'झाउवरिंग्सझाउट' या नावाने मिळतो. भज्यांच्या पिठात चुकीचं पाकीट पडू देऊ नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

धुणं झाल्यावर दार आणि साबणाचा कप्पा दोन्ही चार बोटं उघडे ठेवा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर न्हाणीघराचं दार लावून घ्या.

कपडे लगेच बाहेर काढा. रात्रीच्या स्वस्त विजेसाठी यंत्र लावून झोपलात तर ओले कपडे सकाळपर्यंत बंद ड्रममध्ये कोंडले जातात. उशिरा सुरू होण्याची सोय वापरा, म्हणजे तुम्ही उठण्याच्या सुमारास धुणं संपेल.

टॉवेल, अभ्रे, चादरी आणि स्वयंपाकघरातली फडकी पांढऱ्या पावडरीने ६० अंशांवर धुवा. रंग जाईल असे कपडे त्यात घालू नका. आठवड्याला असं एक धुणं झालं तर यंत्राचीही सफाई होते. बाकी सगळं खुशाल ३० वर धुवा.

साबण मोजून घाला. पाकिटावर पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे मापं दिलेली असतात. तुमच्या पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की कठीणपणा 'डच अंशांत' नव्हे, 'जर्मन अंशांत' कळतो. नेदरलँड्समध्ये बऱ्याच ठिकाणी पाणी आधीच मृदू केलेलं असतं, त्यामुळे मोठं माप क्वचितच लागतं. जास्तीचा साबण नीट खळबळून निघत नाही आणि जैवपटलाचं खाद्य होतो.

एवढं करूनही वास राहिला तर तो कसला आहे ते पाहा. कुबट, ओल्या फडक्यासारखा असेल तर कुठेतरी थर उरला आहे. सडक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा असेल तर दोष बहुधा यंत्राचा नाही, सांडपाण्याच्या जोडणीचा आहे. पाइपच्या वळणात पाणी नसेल तर गटाराची हवा वर येते. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला कळवा.

आणि सफाई यशस्वी झाली का हे यंत्राला विचारू नका, टॉवेलला विचारा. धुऊन पूर्ण वाळलेल्या टॉवेलचं एक टोक कोमट पाण्याने ओलं करा, दहा मिनिटं थांबा आणि हुंगा. काहीच वास आला नाही, तर वासमाशीनमधला 'वास' पुन्हा फक्त डच अर्थाचा उरला.