किलोभर प्लेटसाठी अर्धी गाडी खाली

प्रश्न : माझ्याकडे २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. जुनी घेतली आणि हौसेनं इंजिनच्या संगणकाचं रीमॅपिंग करून घेतलं. हल्ली चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र आपल्याच चालीनं जाते. गॅरेजवाला म्हणतो, क्लच गेला. क्लच सेटच्या किमतीपेक्षा त्यानं सांगितलेली मजुरी मला बोचतेय. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. मग क्लच बदलण्यात एवढं अवघड काय आहे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : क्लच बदलणं अजिबात अवघड नाही. सहा बोल्ट सोडायचे, जुनी प्रेशर प्लेट आणि क्लचप्लेट काढायची, नवी लावायची, बोल्ट आवळायचे. सवयीच्या हाताला अर्धा तास पुरतो. फक्त ते सहा बोल्ट दृष्टीस पडेपर्यंत शनिवार संपलेला असतो आणि ते पुन्हा झाकले जाईपर्यंत रविवार. गॅरेजवाला जी मजुरी मागतोय ती क्लचची नाही, क्लचच्या वाटेत बसलेल्या सगळ्या ऐवजाची आहे.

आधी तुमच्या गॅरेजवाल्याच्या बाजूनं बोलतो, कारण निदान त्यानं बरोबर केलंय. क्लचप्लेट म्हणजे दोन्ही तोंडांना घर्षणाचं अस्तर लावलेली, साधारण किलोभर वजनाची तबकडी. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. ती किती जोर पेलेल हे चिमटीचा दाब, अस्तराचं घर्षण आणि तबकडीची त्रिज्या यांवर ठरतं. तुमच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाचा कंपनीनं दिलेला टॉर्क २१० न्यूटन-मीटर. घर्षणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर दोन तोंडं मिळून एवढा टॉर्क धरायला सुमारे ३५० किलोंचा दाब लागतो. कारखाना राखीव धरून त्याच्या सव्वापट-दीडपट दाब ठेवतो. ती राखीव पुंजी झिजेसाठी, उष्णतेसाठी आणि घाटात उसाच्या ट्रॉलीमागं हाफ क्लचवर रांगण्यासाठी असते. रीमॅपिंगनं टॉर्क अडीचशेच्या पुढं नेला की ती पहिल्याच दिवशी खर्ची पडते. वरच्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेत नाही, टर्बोचा सगळा जोर प्लेटवर जास्त वेळ बसून राहतो. म्हणून क्लच पहिल्यांदा तिथं सुटतो, पहिल्या-दुसऱ्यात नाही.

आता तुमच्या रविवारकडे वळू.

क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात असतो. गिअरबॉक्स बाजूला सरकल्याशिवाय तो दिसत नाही. तुमच्या गाडीत इंजिन आडवं, त्याला चिकटून डाव्या अंगाला गिअरबॉक्स. त्याच्या डोक्यावर बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, गिअरच्या केबली. पुढच्या बाजूला स्टार्टर. खालून दोन्ही एक्सल. अंगावर टर्बोचे पाइप, जे साध्या १.६ च्या गाडीत नसतात. गिअरबॉक्सचं वजन चाळीस-पन्नास किलोंच्या घरात, आणि आकार असा बेढब की हाताला धड पकड मिळत नाही. मारुती ८०० चा गिअरबॉक्स धडधाकट मेकॅनिक छातीवर पेलून उतरवतो हे आपण पाहिलेलं असतं. ते पाहूनच पुष्कळांची हिंमत वाढते. इथं तो प्रयोग बरगडीवर बेतेल.

एक्सल गिअरबॉक्सला जोडणारे बोल्ट बारा टोकांच्या आतल्या खाचेचे असतात. दिसायला ते ॲलन किंवा टॉर्क्ससारखे. त्यात घाईनं दुसराच बिट ठोकला तर खाच गोल होते, आणि मग गाडीखाली पाठीवर झोपून तो बोल्ट ड्रिलनं काढायचा. हा बिट घरच्या पेटीत नसतो, आधीच आणून ठेवा. खाचेतली माती टोकदार काडीनं उकरून काढा आणि मगच बिट बसवा.

पुढची अडचण पुस्तकात वाचून लक्षात येत नाही. गिअरबॉक्सकडचा माउंट काढला की इंजिनाला त्या बाजूनं आधार उरत नाही. ते वरून, दोन्ही फेंडरच्या कडांवर टेकवलेल्या आडव्या दांडीला टांगावं लागतं. ऑइल संपखाली जॅक लावून भागवणारे आहेत, पण तुमचा संप ॲल्युमिनियमचा आहे. लाकडाची फळी न घालता जॅक लावला तर क्लचबरोबर संपही विकत आणाल. शिवाय सगळं सुटून गिअरबॉक्स जमिनीवर आला तरी तो गाडीखालून बाहेर निघायला हवा! त्यासाठी गाडी त्याच्या उंचीपेक्षा जास्त उचललेली लागते. लोक हात घालता येईल एवढीच गाडी उचलतात आणि संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या लक्षात येतं की काढलेला गिअरबॉक्स गाडीच्या पोटाखाली अडकून बसलाय. आणि एवढी उंच गाडी निव्वळ जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चारही बाजूंना स्टँड हवेत, पक्क्या सपाट फरशीवर. सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. तिथं चेअरमनसुद्धा गाडीइतकेच घातक असतात.

वेगवान गाडीचा खास चटका फ्लायव्हीलपाशी बसतो. साध्या गाडीचं फ्लायव्हील म्हणजे बिडाचा एकसंध ठोकळा, चरे पडले तर लेथवर घासून घ्यायचा. तुमच्या गाडीत दोन वस्तुमानांचं फ्लायव्हील आहे : दोन तबकड्या आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे झटके गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून ही योजना. १९८५ साली ल्यूक या जर्मन कंपनीनं ती मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. स्प्रिंगा थकल्या की इंजिन बंद करताना खडखड ऐकू येते. हे फ्लायव्हील लेथवर घासायचं नसतं, बदलायचं असतं, आणि ते क्लच सेटपेक्षा महाग पडतं. इतकं सगळं खोलून, क्लच बदलून, जुनंच फ्लायव्हील परत झाकलं आणि ते चार महिन्यांत वाजायला लागलं तर? म्हणून खर्चाचा अंदाज करताना तेही धरा. त्याचे बोल्ट प्रत्येक वेळी नवेच लावायचे, कारण ते आवळताना ताणले जातात. आधी ६० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा. टॉर्क रेंच नसेल तर या कामाला हातच लावू नये, असं माझं मत आहे. फ्लायव्हील काढलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील नीट पाहून घ्या. तिथून तेल झिरपलं की नवी प्लेटही घसरते.

आता माझी फजिती. ऑक्टाव्हियाच्याच घराण्यातली एका मित्राची गाडी आम्ही दोघांनी त्याच्या बंगल्याच्या अंगणात खोलली होती. प्लेट सेंटरिंगच्या दांडीनं मधोमध धरली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. प्लेटवर जर्मनमध्ये ‘गेट्रीबेझाइटं’ छापलेलं होतं, म्हणजे गिअरबॉक्सकडची बाजू. ती गिअरबॉक्सकडंच केली. आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो. गिअरबॉक्स चढवला, सगळं जुळवलं, रात्री साडेदहाला पेडल दाबलं तर ते नुसतं खाली गेलं. आधी वाटलं पाइपात हवा आहे. तासभर ब्लीडिंग केलं. क्लच आणि ब्रेकला तेलाची टाकी एकच, त्यामुळे ब्रेकवरही शंका घेऊन झाली. शेवटी कळलं की रिलीज बेअरिंगला ढकलणारा फोर्क गिअरबॉक्स चढवताना आतल्या गोळीवरून सटकला होता. त्याला धरून ठेवणारी तारेची स्प्रिंग थकलेली होती. क्लच सेटच्या खोक्यात बेअरिंग येतं, ही स्प्रिंग येत नाही. पुढच्या रविवारी पहिल्यापासून सगळं परत! आता मी ती स्प्रिंग न चुकता नवी घालतो, आणि केसिंगच्या भोकातून एक बोल्ट सरकवून फोर्क जागेवर रोखून ठेवतो.

या कामाची खरी खोच हीच आहे. ब्रेक पॅड चुकीचा बसला तर चाक काढून दहा मिनिटांत दुरुस्त होतो. क्लचमधली चूक सगळं बंद झाल्यावर बोलते. प्लेटला बोटाचं ग्रीस लागलं, स्प्लाइनवर ग्रीस जास्त झालं, गिअरबॉक्सचा भार शाफ्टवर लटकून प्लेटचा गाभा वाकला, तरी आतून काही ऐकू येत नाही. गिअरबॉक्स शेवटच्या इंचाला अडला की बोल्ट आवळून त्याला खेचून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका. तो अडलाय म्हणजे काहीतरी सरळ रेषेत नाही. क्रँक किंचित फिरवा, म्हणजे शाफ्टचे दात जुळतील. एवढ्यानं तो हातानंच आत सरकायला हवा. आणि जुनी धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

सगळ्याच गाड्या अशा अडवून बसलेल्या नसतात. जुन्या सॅब ९०० टर्बोत इंजिन उलटं बसवलेलं असे, क्लच पुढे रेडिएटरच्या बाजूला. त्यामुळे गिअरबॉक्सला धक्का न लावता क्लच बदलता येई. पण ते इंजिनिअर विमानं बनवणाऱ्या कंपनीतले होते, त्यांना मेकॅनिकची दया येत असावी. तुमची ऑक्टाव्हिया शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली, तिथं गिअरबॉक्स गाडीत शिरण्याआधीच इंजिनाला लागलेला असतो. कारखान्याला हे दुखणं कधी दिसतच नाही.

तुम्हाला माझा सल्ला : फ्लायव्हील, सील, क्लच सेट आणि ती तारेची स्प्रिंग स्वतः निवडून आणा, आणि लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये काम द्या. जमलं तर शेजारी उभे राहा. घरीच करायचं ठरवलंत तर जोडीदार हवाच, आणि सोमवारी कामावर जायला दुसरी गाडी.

ता. क. म्हणून तुम्ही विचारलंय की रेसिंगचा सिरॅमिक क्लच घालू का. नको. त्याची पकड जबर असते, पण तो हाफ क्लच जाणत नाही. एकतर सुटलेला, नाहीतर चिकटलेला. शर्यतीच्या ट्रॅकवर हे चालतं. करूळ घाटात चढावर ट्रकमागे थांबून निघताना गाडी बेडकासारखी उड्या मारेल आणि डावा पाय दुखेल तो वेगळाच. वाढीव टॉर्कला पुरेल अशी ऑर्गॅनिक अस्तराचीच, जास्त दाबाची प्रेशर प्लेट मिळते, ती घ्या. बसवल्यावर पहिले पाचशेएक किलोमीटर टर्बोला झोपू द्या.