अँटेना न फिरवता दोन दिशा



१९७३ साली सिंहगडावरून पुण्याचे दूरदर्शन सुरू झाले. सिंहगड दौंडहून जवळजवळ पश्चिमेला, शिरूरहून नैऋत्येला. दांड्यांचा अँटेना तोंडासमोरचेच केंद्र नीट धरतो. दुसरीकडचे हवे तर एकाने छतावर पाइप फिरवायचा, खालच्याने "आलं, आलं!" ओरडायचे. त्यापेक्षा दोन दिशांना दोन अँटेना आणि टीव्हीजवळ बदलते बटण बरे. दोन्ही वायरी नुसत्या पिळून जोडल्या, तर एकच लहर दोन वाटांनी मागेपुढे पोहोचते आणि चित्राला सावली पडते.

ते जुने प्रक्षेपण आता बंद झाले; पण सूत्र डिशलाही लागू आहे. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेवर, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच. शेजारचा उपग्रह हवा असल्यास तबकडी हलवू नका. तिच्यावरच दुसरा एलएनबी थोडा बाजूला बसवा आणि डायसेक स्विच लावा. सेट-टॉप बॉक्सला ती सोय आहे का, हे मात्र खरेदीपूर्वी विचारावे.

शेवटचे, पण महत्त्वाचे: पाइप विजेच्या तारांपासून लांब ठेवा, त्याला अर्थिंग करा आणि आभाळ गडगडत असताना छतावर चढू नका, अशी आमची विनंती आहे.